वारणेचा तहनामा आणि त्यांतील सीमा : एक परीक्षण

वारणेचा तह मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रत्येक शालेय पुस्तकांत आहे, आणि त्याचें सार बहुधा एकाच वाक्यांत दिलेलें असतें : सातारा व कोल्हापूर या दोन राज्यांमधील सीमा वारणा नदी ही ठरली. प्रस्तुत लेखकानें शिक्षकाच्या पेशांत हें वाक्य तीस वर्षांवर मुलांकडून पाठ करून घेतलें, आणि फळ्यावर निळ्या खडूनें नदीची रेघ ओढून वर ‘शाहू’ व खालीं ‘संभाजी’ अशीं नांवेंहि लिहिलीं. एके दिवशीं नदीकांठच्या गांवाहून येणाऱ्या एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, आमचें घर नदीच्या अलीकडे आणि मळा पलीकडे आहे. मग त्या वेळीं आमचा मळा कुणाच्या राज्यांत गेला?” मीं त्यास, सीमा म्हणजे सीमा, असें कांहींसें उत्तर देऊन खालीं बसविलें. उत्तर खोटें होतें असें नव्हे. तें उत्तरच नव्हतें. नोकरींतून मोकळा झाल्यावर तहनाम्याचा प्रचलित पाठ पुनः कलमवार वाचला, तेव्हां त्या मुलाचा प्रश्न योग्य होता आणि आमचें पाठांतराचें वाक्यच शिथिल होतें अशी खात्री झाली. त्या वाचनाचा निष्कर्ष संशोधकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगितला पाहिजे. शाहू महाराज १७०७ मध्यें मोंगलांच्या कैदेंतून सुटून आल्यावर राज्याच्या वारशाचा तंटा उभा राहिला, आणि कोल्हापूरच्या गादीवर १७१४ नंतर राजसबाईंचे पुत्र संभाजी राजे असतां तो चालूच राहिला. १७३० मध्यें उदाजी चव्हाणासह संभाजी राजे वारणेच्या कांठीं छावणी करून राहिले असतां प्रतिनिधीनें छावणीवर अकस्मात् हल्ला केला. संभाजी राजे पन्हाळ्यास निसटले. ताराबाई व राजसबाई शाहूंच्या सैन्याच्या हातीं लागल्या. पुढें समेटाचें बोलणें होऊन फेब्रुवारी १७३१ मध्यें कऱ्हाडनजीक जखिणवाडीच्या मुक्कामीं चुलतबंधूंची भेट झाली, आणि १३ एप्रिल १७३१ रोजीं नऊ कलमांचा तहनामा झाला. पराभव एकाचा झालेला, लिहून देणारा दुसरा, आणि दोघेहि एकाच घराण्यांतील; हें ध्यानांत ठेविल्यावांचून तहनाम्याची भाषा कळत नाहीं. प्रदेशासंबंधीच्या बहुतेक कलमांचें क्रियापद ‘देणें’ हें आहे. वडील शाखेनें धाकट्या शाखेस दिलें, असा त्याचा घाट आहे. दोन परक्या राजांनीं मध्यें उभें राहून जमीन मोजून घ्यावी, तसला हा लेख नव्हे.

आतां कलमांकडे वळूं. पहिल्या कलमांत वारणेकडील महाल, संगमापावेतों, दक्षिण तीरीं, ठाणीं व किल्ले यांसह संभाजी राजांस दिले आहेत. सहाव्यांत वारणा-कृष्णेच्या संगमापासून दक्षिण तीर धरून तुंगभद्रेच्या निवृत्तिसंगमापर्यंतचा मुलूख त्यांसच दिला आहे. पहिला संगम म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरचा, दुसरा कृष्णा-तुंगभद्रेचा. ही दोन कलमें एकापुढें एक ठेविलीं म्हणजे सह्याद्रीपासून हरिपूरपर्यंत वारणा व पुढें कृष्णा अशी नद्यांची सांखळी डोळ्यांपुढें उभी राहते, यांत संशय नाहीं. पाठ्यपुस्तकांतील वाक्याचा आधार तो हाच. परंतु याच पहिल्या कलमांत ‘दक्षिण तीर’ या शब्दांच्या पाठोपाठ ‘दुतर्फा’ हा शब्द आला आहे, आणि त्याकडे बहुतेक लेखक डोळेझांक करितात.

‘दुतर्फा’ म्हणजे दोन्ही बाजूंचा. नदीच्या दोन्ही बाजूंचा असा अर्थ घ्यावा, तर ‘दक्षिण तीर’ हे शब्द व्यर्थ होतात. दक्षिण तीर हेंच प्रमाण मानावें, तर ‘दुतर्फा’ लटकतो. लेखकाच्या हातून चुकून पडलेला शब्द म्हणून तो काढून टाकणें सोपें आहे. परंतु दुसरा मार्ग असतां पाठ मोडूं नये, हा आपला जुना नियम आहे. माझ्या मतें उलगडा ‘महाल’ व ‘दरोबस्त’ या दोन शब्दांत आहे. दिलें आहे तें नदीकांठचें मैदान नव्हे. महाल दिले आहेत. महाल म्हणजे वसुलाच्या हिशेबानें बांधलेला गांवांचा समूह. दक्षिण तीरच्या महालाचीं कांहीं गांवें वा जमिनी पाण्यापलीकडे असल्या, तरी महाल दरोबस्त, म्हणजे न तोडतां सगळाच्या सगळा, दिला; असा अर्थ लाविला म्हणजे एकहि शब्द फुकट जात नाहीं. हा अर्थ मान्य केला, तर नदी ही दिशा दाखविणारी खूण ठरते. ती कापणारी रेषा राहत नाहीं. त्या मुलाच्या मळ्याचें उत्तरहि येथेंच मिळतें. मळा ज्या गांवच्या शिवेंत, आणि गांव ज्या महालांत, त्या महालाच्या धन्याकडे मळा गेला. मध्यें पाणी वाहतें कीं नाहीं हें पाहण्याचें कारण नव्हतें.

या अर्थास नवव्या कलमाचा मोठा आधार आहे. त्यांत मिरज प्रांतांतील व विजापूर प्रांतांतील ठाणीं, अथणी व तासगांव धरून, संभाजी राजांनीं शाहूंच्या स्वाधीन करावीं असें ठरविलें आहे. तासगांव व अथणी हीं दोन्ही गांवें कृष्णेच्या उत्तरेकडील आहेत. सहाव्या कलमानें नदी ही सीमारेषा झालीच असती, तर उत्तरेकडील ठाणीं आपोआप शाहूंकडे आलीं असतीं. त्यांचीं नांवें घेऊन निराळें कलम घालण्याची गरज नव्हती. ज्या अर्थीं गरज वाटली, त्या अर्थीं करार करणाऱ्यांच्या मनांत रेषा नव्हती, ठाण्यांची यादी होती. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मिरजेचा कोट तेव्हां मोंगलांकडेच होता. तो शाहू महाराजांनीं स्वतः मोहिमेवर जाऊन १७३९ मध्यें घेतला. प्रांताचें मुख्य ठिकाण तिसऱ्याच्या हातीं असतां त्या प्रांतांतील ठाण्यांची देवघेव करणारा हा लेख नकाशावर रंग भरून समजणार नाहीं. कोणत्या ठाण्यांत कोणाची शिबंदी बसावी आणि वसूल कोणीं घ्यावा, एवढेंच तो सांगतो.

उरलेलीं कलमेंहि तेंच दाखवितात. तिसऱ्यांत कोपळचा किल्ला इकडून देऊन त्याच्या मोबदल्यांत रत्नागिरी घेतली आहे. किल्ल्यास किल्ला, असा हा सौदा. चौथ्यांत वडगांवचें ठाणें पाडून टाकावें असें आहे. वडगांव म्हणजे वारणेच्या दक्षिणेचें पेठ वडगांव असें धरलें, तर जो मुलूख सगळा संभाजी राजांस दिला त्यांतलें ठाणें त्यांनाहि ठेवावयाचें नाहीं असा अर्थ होतो. सीमेलगत कोणाचेंच शस्त्र नसावें, हा शहाणपणा त्यांत आहे; पण नदी ओलांडूनहि हा निर्बंध चालतो, हें विसरतां येत नाहीं. सातव्यांत कोंकणची वांटणी साळशीपलीकडून अंकोल्यापर्यंत अशी केली आहे. दुसऱ्या कलमांत तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतचीं संस्थानें निम्मीं निम्मीं ठरविलीं आहेत. तेथें तर नदी नाहीं, डोंगर नाहीं, गांवाचें नांवहि नाहीं. जें अद्याप मिळावयाचें, त्याची ही वांटणी. तिला सीमा म्हणतांच येत नाहीं.

आणि आठवें कलम. इकडील चाकर तिकडे ठेवूं नयेत, तिकडील इकडे ठेवूं नयेत. हें कलम लहान दिसतें म्हणून वाचक तें ओलांडून जातो. माझ्या मतें नऊ कलमांत खरी सीमा घालणारें कलम हेंच आहे. दोन गाद्यांमधील झगडा चालू राहिला, त्याचें एक मोठें कारण असें कीं, इकडे रुसलेला सरदार तिकडे जाऊन चाकरी धरी, आणि तिकडून इकडच्या मुलखावर स्वारी करी. नदी उन्हाळ्यांत कोठेंहि उतरतां येते. तिनें सरदार अडत नाहींत. म्हणून सीमा माणसांच्या इमानांत घालावी लागली. पांचव्या कलमांतील परस्परांच्या वैऱ्यांचें पारिपत्य करण्याची बोली याच्याच जोडीची आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या पूर्वजांस सीमा आंखण्याची विद्याच नव्हती, म्हणून हें असें झालें. ही समजूत साफ चुकीची आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमाविवादाचें सविस्तर प्रकरण आहे. तंट्याचा निर्णय ज्येष्ठांत करावा, कारण त्या महिन्यांत खुणा उघड्या दिसतात. सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखीं झाडें लावावीं. आणि दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे असे न कुजणारे पदार्थ जमिनींत पुरून गुप्त खुणा ठेवाव्या, येथपर्यंत तपशील दिला आहे. साक्षीदारांनीं तांबडीं वस्त्रें नेसून, माळा घालून, मस्तकावर माती घेऊन सीमा सांगावी, असाहि विधि आहे. याज्ञवल्क्यानें शेजारचे गांवकरी, वृद्ध, गुराखी, सीमेलगतचे कुणबी व रानांत फिरणारे लोक यांस प्रमाण मानिलें. आमच्या गांवगाड्यांत गोतसभा, महजर व दिव्य यांनीं हीच रीत शतकानुशतकें चालविली, आणि शिवेच्या तंट्यांत गांवच्या महाराची साक्ष फार वजनदार मानिली जाई.

मिताक्षराकारानें तर सीमेचे प्रकारच सांगितले आहेत. देशाची, गांवाची, शेताची व घराची अशी ती चार परींची. आणि लक्षणावरून पांच परींची. झाडांच्या खुणांची ती ध्वजिनी, पाण्याची ती मत्स्यिनी, पुरलेल्या खुणांची ती नैधानी, दोन्ही पक्षांच्या संमतीनें ठरलेली ती भयवर्जिता, आणि खुणा नसतां राजाच्या आज्ञेनें घातलेली ती राजशासननीता. आमच्या पाठ्यपुस्तकांनीं वारणेची सीमा केवळ मत्स्यिनी मानिली. तहनामा नीट वाचला म्हणजे ती मुख्यतः भयवर्जिता होती असें दिसतें; पाणी हें तिचें चिन्ह, संमति हा तिचा प्राण. पाण्याच्या सीमेचा दोषहि शास्त्रकारांस ठाऊक होता. दोन गांवांमध्यें नदी सीमा असली तर ती माणसांच्या दैवानुसार एकाची जमीन घेते व दुसऱ्यास देते, अशा अर्थाचें बृहस्पतीचें वचन प्रसिद्ध आहे. ज्यानें हें वचन मान्य केलें, तो राज्याची वांटणी नदीच्या पात्रावर टांगून ठेवणार नाहीं.

मग तहनाम्यांत झाडें, दगड, खुणा कां नाहींत? उत्तर साधें आहे. गांवांच्या शिवा पूर्वींच ठरलेल्या होत्या, आणि त्या दोन्ही पक्षांस मान्य होत्या. गांवें मिळून महाल, आणि महाल मिळून राज्य. महालाचें नांव घेतलें कीं त्याच्या कडेच्या प्रत्येक गांवची शीव त्यांत आलीच. छत्रपतींच्या तहास खालून आधार देणारे हजारों लहान तह आधीच झालेले होते. ते तहनाम्यांत लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास घडलेली एक गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. उत्तर अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया व मेरीलंड या दोन इंग्रजी वसाहतींच्या धन्यांमध्यें, म्हणजे पेन व कॅल्व्हर्ट या घराण्यांमध्यें, सीमेचा तंटा होता. वारणेच्या तहाच्या दुसऱ्याच वर्षीं, १७३२ मध्यें, त्यांनीं नकाशा पुढें ठेवून करार केला. त्या नकाशांत हेन्लोपेन नांवाचें भूशिर खऱ्या जागेच्या पुष्कळ दक्षिणेस दाखविलेलें होतें. त्यामुळें कॅल्व्हर्टचा तोटा होतो असें दिसतांच त्यानें करार झिडकारला. वसाहतवाल्यांत मारामाऱ्या झाल्या. १७५० मध्यें इंग्लंडच्या न्यायालयानें करार पाळण्याचा हुकूम दिला. आणि अखेरीस मेसन व डिक्सन या दोघां ज्योतिर्विदांनीं १७६३ ते १७६७ या काळांत तारे वेधून सुमारें २३३ मैलांची रेषा आंखिली. प्रत्येक मैलास एका अंगास एका वसाहतीचें व दुसऱ्या अंगास दुसरीचें आद्याक्षर कोरलेला दगड रोविला. हे दगड इंग्लंडांतून जहाजानें आणिले होते. रेषा पुढें न्यावयाची, तों बरोबर असलेल्या तद्देशीय वाटाड्यांनीं आपल्या युद्धमार्गापलीकडे येण्याचें नाकारलें, आणि मोजणी तेथेंच थांबली.

या कामांतील गणिताचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु त्यांस आकाशाकडे कां पाहावें लागलें, तेंहि ध्यानांत घ्यावें. दोन्ही पक्षांस मान्य असें जमिनीवरचें पुरातन प्रमाण तेथें नव्हतें. आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांस ज्या मर्यादा ठाऊक होत्या, त्या सनदा लिहिणाऱ्यांनीं मोजल्याच नाहींत. जेथें गांवची शीव बोलते, तेथें ताऱ्यांस साक्षीला बोलवावें लागत नाहीं. म्हणून एक पद्धति शास्त्रीय व दुसरी अडाणी, असा निवाडा घाईचा होईल. रेषेच्या मापानें तहनामा मोजला, तर दोष तहनाम्याचा नव्हे, मापाचा आहे.

हें रेषेचें माप आपल्याकडे कोठून आलें? माझा तर्क असा : १८१८ मध्यें पेशवाई गेल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजीं प्रतापसिंह महाराजांशीं इंग्रजांनीं केलेल्या तहांत साताऱ्याच्या राज्याच्या मर्यादा दिशेवार दिल्या, दक्षिणेस वारणा व कृष्णा, उत्तरेस नीरा व भीमा, पश्चिमेस सह्याद्रि. ग्रँट डफ हा त्या वेळीं साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी होता, आणि त्याचा इतिहास १८२६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत १७३१ च्या तहाचें सार देतांना त्यानें संभाजी राजांचा मुलूख उत्तरेस वारणा-कृष्णा व दक्षिणेस तुंगभद्रा यांच्यामध्यें बसविला. ज्या मर्यादांचा कारभार तो रोज पाहत होता, त्यांचीच सांवली मागच्या तहावर पडली असावी. त्याचें सार सपशेल चूक नाहीं. पण त्यांतून ‘महाल’ गळले, ‘दुतर्फा’ गळला, आणि नदी तेवढी राहिली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ मध्येंच ग्रँट डफच्या बखरीवर टीका करून आपल्या लोकांस मूळ कागदांकडे वळविलें. या एका वाक्याच्या बाबतींत मात्र आम्हीं त्यांचा धडा गिरविला नाहीं.

तहनाम्याची स्तुति करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. त्याचे दोष उघड आहेत. जें हातीं नव्हतें त्याचीहि वांटणी त्यानें केली. निवृत्तिसंगमापर्यंतचा पुष्कळ मुलूख निजाम व स्थानिक संस्थानिक यांच्या हातांत होता. तेथें दिलेला हक्क पुढें तलवारीनेंच वसूल व्हावयाचा होता. पुढील तंटेहि याच बाजूनें आले. पटवर्धन व करवीरकर यांची दीर्घ झुंज आणि चिकोडी-मनोळीवरील वाद पाहिले, तर भांडण परगण्यांचें व ठाण्यांचें होतें, वारणेच्या पात्राचें नव्हतें. जेथें तहनामा खालच्या शिवांवर उभा होता, तेथें तो टिकला. जेथें हवेंत होता, तेथें कोसळला. आजहि वारणा बऱ्याच अंतरापर्यंत सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांमधून सीमा होऊन वाहते. सांगलीकडचा भाग १९४९ मध्यें दक्षिण सातारा म्हणून निराळा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. राज्यें गेलीं, पण गांवांच्या शिवा बहुतांशीं जेथल्या तेथें आहेत.

म्हणून संग्राहकांस एक विनंती करून हा लेख पुरा करितों. वरील अर्थ खरा कीं खोटा, याचा निकाल तहनाम्याची आणखी एक नक्कल मिळून लागणार नाहीं. तो वारणाकांठच्या गांवांचे महजर, शिवेच्या तंट्यांचे निवाडपत्र आणि महालांचे ताळेबंद यांवरूनच लागेल. १७३१ नंतर उत्तर तीरच्या एखाद्या गांवचा वसूल करवीरकडे, किंवा दक्षिण तीरच्या गांवचा साताऱ्याकडे जमा झाल्याचा एक अस्सल कागद निघाला, तर ‘दुतर्फा’ या शब्दास साक्षीदार मिळेल. आणि तसा एकहि नाहीं असें पुष्कळ दफ्तरें पाहून ठरलें, तर मी माझा अर्थ आनंदानें मागें घेईन. परंतु हे कागद वेगानें नाहींसे होत आहेत. मोर्तबाचा कागद मिळाला कीं लोक तो रेशमी रुमालांत बांधतात. शिवेचा महजर मात्र निकामी समजला जातो. असा एक गठ्ठा चुलीजवळच्या सरपणांत पडलेला मीं डोळ्यांनीं पाहिला आहे, आणि तो मागून घेईपर्यंत त्यांतला निम्मा जळून गेला होता. उरलेल्या पानांत एका ओढ्याचें, दोन चिंचांचें आणि एका उभ्या धोंड्याचें नांव होतें. ज्याचा मळा नदीपलीकडे आहे, त्या मुलास देण्याचें उत्तर अशाच पानांत असतें.